लेकीबाळींचं टेसन

"बंद पडू दे एकदाचं हे टेसन. गाडीच न्हाई थांबली, तं जाईल कुठं?"

माझ्या टिनाच्या शेडखाली बसून बेबीनंदाबाई हे बोलल्या, तेव्हा मी दचकलो. इतकी वर्षं मी या बाईंना सावली दिली, आणि माझ्याच सावलीत बसून मला असं? मग त्यांच्या शेजारी बसलेल्या झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, की मागच्या आठवड्यात गेल्ती ना गं, परत चालली का? तेव्हा कळलं, राग माझ्यावर नव्हता. राग त्यांच्या नव्या सुनेवर होता. मी नुसता मधे आलो होतो.

ती सून, अक्षता, त्या दोघींच्या पाठीमागच्या भिंतीआडच होती. सासऱ्यांचा डबा घेऊन तिकीटखोलीत आली होती. डब्याचं झाकण तिनं उघडलं होतं. ते आवाज न होऊ देता परत लावलं, आणि खिडकीच्या गजांतून रुळांकडं बघत राहिली. माझ्या भिंती जाड आहेत, पण खिडकी म्हणजे शेवटी भोकच. त्यातून तिकिटं बाहेर जातात आणि बाहेरचं बोलणं आत येतं.

मी टेंभीखेड्याचा रेल्वे थांबा बोलतोय. स्टेशन म्हणवून घ्यायची माझी ऐपत नाही. स्टेशनला मास्तर असतो, सिग्नल असतो, घड्याळ असतं. माझ्याकडं एक दगडी खोली, तिला एक खिडकी, एक शेड, सिमेंटची दोन बाकडी, कडुनिंबाची झाडं आणि एक पिवळी पाटी. जालन्याहून परभणीकडं जाताना डाव्या हाताला मी लागतो. लागतो म्हणण्यापेक्षा निघून जातो. डोळ्यात कचरा गेला म्हणून तुम्ही चोळत बसलात, तर तेवढ्यात मी झालेला असतो. गाव मात्र मला टेसनच म्हणतं.

माझा जन्म कुणी ठरवून केला नाही. निजामाच्या राज्यात हे रूळ पडले, तेव्हा इथल्या टेकडीची खडी फोडत. खडी भरायला गाडी थांबायची. खडी फोडणारी बायामाणसं त्याच गाडीनं यायची, त्याच गाडीनं जायची. पुढं टेकडी संपली. पण गाडीची थांबायची सवय गेली नाही. एका ड्रायव्हरची सवय दुसऱ्यानं उचलली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. मग कुणीतरी पाटी लावली, आधी उर्दूत आणि इंग्रजीत. मराठी नाव निजाम गेल्यावर आलं. तोवर मला मीच कोण ते ठाऊक नव्हतं म्हणा ना.

त्या खडी फोडणाऱ्यांत एक जण भिवाचा, म्हणजे अक्षताच्या सासऱ्याचा, आजा होता. भिवाचा बाप पुढं रुळांच्या गँगवर लागला. आणि भिवा माझ्या खिडकीत बसला. थांब्यावर रेल्वेचा नोकर नसतो. गावातलाच एक माणूस मोठ्या स्टेशनातून तिकिटांचा गठ्ठा आणतो आणि विकलेल्या तिकिटांवर थोडं कमिशन घेतो. भिवाला त्याचं केवढं अप्रूप होतं! ज्या हातांनी आज्यानं दगड फोडले, त्याच घराण्याचा हात आता दगडी खिडकीच्या आत होता आणि गाव बाहेर. पहिल्या दिवशी तो धुतलेला पांढरा सदरा घालून आला. खोली झाडून काढली, एका भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, दुसरीवर गाड्यांच्या वेळा. बाबासाहेब कधी हलले नाहीत. वेळांचं विचारू नका.

ते दिवस छोट्या गाडीचे होते. गाडी अशी सावकाश यायची, की एखादी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन शेतातून पळत असली तर गार्ड शिट्टी तोंडात धरून थांबायचा, फुंकायचा नाही. लवकर येणारे माझ्या बाकड्यावर झोपत आणि गाडी आल्यावर त्यांना उठवावं लागे. उशिरा येणारे गाडीला शिव्या देत. मला एवढ्या वर्षांत असा एकही माणूस दिसला नाही, ज्याची गाडी चुकली आणि तो स्वतःवर चिडला.

पुढं रूळ रुंद झाले, डबे उंच झाले. मी होतो तेवढाच राहिलो. माझा फलाट जमिनीलगत. डब्याची पायरी म्हाताऱ्या बाईच्या कमरेला यायची. तेव्हा भिवानं बाभळीचं एक भक्कम स्टूल करून घेतलं. गाडी आली की ते काखेत मारून तो पळत सुटायचा. ज्या दारात लुगडं दिसेल, त्या दाराखाली स्टूल. मोठमोठ्या स्टेशनांत सरकते जिने असतात म्हणे. असतील. त्यांना "पाय जपून, मावशी" म्हणता येत नसेल.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यानं माझा जीव गेला. ती वाईट गोष्ट नव्हती, हेच तर दुखणं आहे.

गावची लेक माहेरपण करून सासरी निघाली की तिला बोळवायला सगळी गल्ली इथपर्यंत यायची. कुणी शेवयांची पिशवी द्यायचं, कुणी पापड, कुणी चोळीचा कपडा. भिवानं पहिल्याच वर्षी ठरवलं, की गावच्या लेकीच्या हातात आपण तिकीट ठेवायचं नाही. लेकीच्या हातात तिकीट ठेवणं म्हणजे, जा बाई, हिशेब मिटला, असं त्याला वाटे. लेक कोणत्याही घरची असो. काकासाहेबांच्या माडीवरची असो की भिवाच्या वस्तीतली. तो म्हणायचा, "टीशीनं विचारलं तं सांग, टेंभीखेड्याच्या भिवाची पोर हाये." आणि या मार्गावरचे टीशीही तसे भले. ऐकायचे, हसायचे, पुढं जायचे.

गावाला हे फार आवडलं. इतर गावांत माझं नाव निघालं की लोक म्हणत, ते का, लेकीबाळींचं टेसन. मला त्याचा ताठा होता. खोटं कशाला बोलू.

पण लेकींच्या मागून जावई चढले. जावयाला कसं मागायचं? मग लेकींचे भाऊ, बोळवायला म्हणून. मग नुसतेच भाऊ. काकासाहेब म्हणजे गावचे मोठे शेतकरी, पांढरं धोतर, तलाठी आला तरी त्यांच्या ओट्यावरच बसणार. ते एकदा जालन्याला, मस्तगडच्या दुकानातून लग्नाचा बस्ता आणायला निघाले. भिवानं खिडकीतून नम्रपणे विचारलं, की किती देऊ? काकासाहेब वळून मागच्या लोकांना हसत म्हणाले, "आता भिवाकडं तिकीट मागून गाडीत बसायचं का आपण?" सगळे हसले. भिवाही हसला. त्या दिवसापासून त्यानं कुणालाच विचारलं नाही. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसत होत्या: खिडकीत भिवा, हातात गठ्ठा, आणि गठ्ठा तेवढाच्या तेवढा. एक प्रेमानं न मागितलेलं, एक धाकानं न मागितलेलं. मला फरक कळत होता. पण मला विचारतं कोण?

असंच चाललं. परगावचा एखादा चुकला माणूस तिकीट मागायचा, तर भिवा इतका खूश व्हायचा की त्याला पाणी द्यायचा.

अक्षता इथं आली ती वरातीच्या गाडीनं. परतूरच्या पुढचं एक गाव तिचं माहेर. भिवाच्या मुलाशी, मिथुनशी लग्न लागलं आणि सगळं वऱ्हाड सकाळच्या पॅसेंजरच्या परतीच्या फेरीला संध्याकाळी इथं उतरलं. भिवानं सुनेसाठी स्टूल लावलं. ती उतरली, आणि खाली मान घालूनच नवऱ्याला हळूच विचारलं, "तिकिटं कुणाकडं आहेत? बाहेर दाखवावी लागतील ना?"

मिथुनला हसू आलं. तो म्हणाला, "इथं कोण बघतंय? आपलंच टेसन हाये."

तिनं माझ्याकडं एकदा वर बघितलं. लोक मला बघत नाहीत, माझ्यातून बघतात, गाडी कुठवर आली ते. या पोरीनं मला पाटीपासून पायरीपर्यंत बघितलं, सोयरिकीला आलेलं माणूस घर बघतं तसं.

मिथुन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात. आठवड्यातून एकदा यायचा. घरात सासू, सासरे आणि ही. तिकडं माहेरी तिची आई एकटी. अक्षताच्या लग्नाआधी ती विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती, मांडीत रॉड बसवला होता, भिंत धरून चालायची. लग्न ठरताना अक्षतानं एकच विचारलं होतं म्हणे, की तुमच्या गावाला गाडी थांबते का? थांबते म्हटल्यावर तिनं होकार दिला. मुलगा पसंत पडला की नाही, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं मला पसंत केलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

दर आठवड्याला ती सकाळच्या गाडीनं जायची, आईच्या भाकरी थापून, पाणी भरून, संध्याकाळच्या गाडीनं परत. रस्त्यानं जायचं तर फाट्यापर्यंत चालत, मग जीप, मग एसटी, मग परत जीप, आणि ओढ्याला पाणी असलं तर तेही नाही. म्हणजे तिच्या आईच्या घरी जायचा रस्ता म्हणजे मी. बेबीनंदाबाईंना हे जाणं खुपायचं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचं माहेर रुळापासून लांब, जाफराबादच्या बाजूला. लग्न होऊन आल्यावर त्यांना वर्षानुवर्षं कुणी तिकडं धाडलं नाही. आई गेली तेव्हा पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी. ज्या बाईला स्वतःला जाता आलं नाही, तिला दुसरीचं जाणं फार दिसतं.

भिवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तशी अक्षता डबा आणण्याच्या निमित्तानं खिडकीत बसू लागली. आणि तिला ते दिसलं, जे मला कायम दिसत होतं. गाडीत माणसं चढतात, आणि गठ्ठा हलत नाही. खिडकीत बसायला लागल्यावर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा तिनं खिडकीच्या आतून पैसे गल्ल्यात टाकले, स्वतःचं तिकीट स्वतःच काढलं आणि पदराला खोचलं. मग बाहेर येऊन गाडीत बसली. त्या दिवशी विकलं गेलेलं ते एकच तिकीट.

बेबीनंदाबाईंनी ते बाहेर बाकड्यावर सांगितलंच. "घरचं तिकीट घरातच फाडून राह्यली. बाईला वाटतं, तिच्या बापाची रेल्वे उपाशी मरून राह्यली." झुंबरबाई हसल्या. अक्षता खिडकीच्या आत. परत तेच.

लॉकडाऊनमधे गाड्या बंद झाल्या तेव्हाच मला पहिला झटका बसला होता. मालगाड्या जात होत्या, त्यामुळं रुळांवर गंज नाही चढला. गंज मला चढला. नंतर मोठ्या गाड्या सुरू झाल्या, न थांबता. कितीतरी निवेदनांनंतर ही एक पॅसेंजर, सकाळी जाणारी नि संध्याकाळी येणारी, परत थांबायला लागली होती. मग, अक्षता आल्यावर काही महिन्यांनी, वरून एक माणूस आला आणि माझ्या खिडकीशेजारी एक नोटीस डकवून गेला. या थांब्यावर प्रवासी नाहीत, तिकीटविक्री नगण्य आहे, अशीच राहिली तर थांबा काढून घेण्यात येईल.

प्रवासी नाहीत! त्याच वेळी माझ्या शेडखाली उभं राहायला जागा नव्हती. सगळे प्रवासीच ती नोटीस वाचत होते.

त्याच संध्याकाळी गाव माझ्या फलाटावर जमलं. काकासाहेबांना खुर्ची आणली. निवेदन द्यायचं ठरलं, रूळ अडवायचे ठरलं, कुणाला हार घालायचे आणि कुणाच्या नावानं घोषणा द्यायच्या, तेही ठरलं. आपल्यावर अन्याय होऊन राह्यला, असं जो तो म्हणाला. तिकीट हा शब्द कुणी काढला नाही. भिवा भिंतीला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं खडी उकरत होता. आज्याची सवय असावी.

लोक गेल्यावर अक्षतानं सासऱ्यांना सांगितलं, की मामा, निवेदन कशाला पाहिजे? जेवढी माणसं चढतात, तेवढी तिकिटं गेली तरी बास आहे.

भिवा म्हणाला, "पोरी, लेकीबाळीला पैसे मागायला माझी जीभ रेटत न्हाई. आन त्या लोकायला मागायला... तेबी रेटत न्हाई. पण ते येगळं."

"मग मी मागू का?"

"माग," भिवा म्हणाला. त्याला फार हलकं वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यानं डब्यातली भाकरी पुरती खाल्ली.

ती मागायला लागली म्हणजे काय, तर खिडकीतून नुसती विचारायची, "कुठलं देऊ?" एवढंच. बाई माणूस विचारतंय म्हटल्यावर काहींना लाज वाटली, त्यांनी काढलं. माझा गठ्ठा हळूहळू पातळ व्हायला लागला. मी तुम्हाला काय सांगू, खोकला कमी झालेल्या माणसासारखं मला झालं होतं. आठवडाभर असं चाललं.

मग शालू आली. काकासाहेबांची पुतणी, माहेरपणाला आलेली, कडेवर लेकरू. सगळी गल्ली बोळवायला. भिवा स्टूल घेऊन तयार. शालू खिडकीजवळून जाताना आतून आवाज आला, "कुठलं देऊ?"

शालू थांबली. तिला आधी कळलंच नाही. मग तिनं पैसे काढून दिले, तिकीट घेतलं आणि ते हातात धरून भिवाजवळ गेली. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "काका, आता मी परकी झाले का?"

झुंबरबाई मोठ्यानं म्हणाल्या, की नवी सून आली आन गावच्या लेकी परक्या झाल्या. काकासाहेब कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, चालू द्या, खिडकी त्यांची हाये. भिवानं हातातलं स्टूल खाली ठेवलं. त्यानं शालूच्या हातातलं तिकीट काढून घेतलं, पैसे परत दिले, तिच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. गाडी गेल्यावर खोलीत येऊन अक्षताला म्हणाला, की आजपासून तू नको बसू, मी बसतो.

ती उठली. भांडली नाही. डबा उचलला आणि गेली. भिवानं आपल्या हातानं माझा श्वास बंद केला, आणि त्याला वाटत होतं, आपण लेकीची माया राखली. मी त्याच्यावर कसा रागावू? त्याच्या आज्यानं फोडलेल्या दगडावर मी उभा आहे.

थांबा काढून घ्यायचा हुकूम आला तेव्हा कुणाला धक्का बसल्यासारखं झालं नाही. तारीख कळली, आणि गाव कामाला लागलं. निरोपाच्या.

आजची माझी अवस्था सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही कधी या मार्गानं गेलात तर ओळखाल. वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. गाड्या इतक्या वेगानं जातात की कडुनिंबाचा पाला उलटा होतो. खिडकीला पत्रा ठोकलाय. पाटीवरचा रंग पोपडे धरून निघतोय. पिवळ्याच्या खालून जुना पांढरा दिसतो, त्याच्याखाली काय आहे ते मला आठवतं. शेडचं टिन अर्धं गेलं. ज्यानं नेलं त्याच्या गोठ्यावर ते आहे, आणि तो इथं येऊन माझी अवस्था बघून हळहळतो. स्टूल भिवाच्या अंगणात आहे, त्याच्यावर पाण्याची घागर ठेवतात. भिवा सकाळी गाडीच्या वेळेला उठून बसतो आणि गाडी गेल्यावर परत आडवा होतो. अक्षता आता दोन-दोन महिन्यांनी माहेरी जाते. एक अख्खा दिवस जाण्यात जातो. तिची आई फोनवर म्हणायला शिकली आहे, की ये तुला जमेल तवा, माझं काय अडलंय.

कधी कधी अक्षता सरपणाच्या निमित्तानं इकडं येते, बाकड्यावर बसते. मी थांबा आहे. थांबणं एवढंच मला येतं. आता थांबायला माझ्याकडं कुणी नाही, ती सोडून. तुमच्या गावाजवळ असं एखादं लहानसं काही अजून जिवंत असेल, तर त्याला आपलं म्हणताना जरा जपून म्हणा. आपलं म्हणून म्हणूनच मला संपवलंय.

पण शेवटचा दिवस सांगायचा राहिला.

शेवटच्या दिवशी फलाटावर जत्रा. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला असते तेवढी गर्दी म्हणा. माझ्या पाटीला झेंडूचा हार, खिडकीला आंब्याची पानं. मोबाईल वर करून पोरं मला टिपत होती. भिवाची लेक, ज्योत्स्ना, सेलूला दिलेली. ती चार दिवसांसाठी आली होती आणि याच शेवटच्या दिवसाच्या सकाळच्या गाडीनं परत निघाली होती. बेबीनंदाबाई शेडखाली बसून तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, शेवया भरत होत्या. अक्षता पिशवीचं तोंड धरून उभी होती. भरता भरता बेबीनंदाबाईंचा हात थांबला. त्यांनी रुळांकडं बघितलं, मग लेकीकडं, आणि मग, दुसरं कुणीच जवळ नव्हतं म्हणून असेल, सुनेकडं.

"अगं," त्या म्हणाल्या, "आता ही कशी येईल गं?"

एवढे दिवस ही गाडी त्यांना सुनेला नेणारी वाटत होती. तीच लेकीला आणते, हे आत्ता, पिशवीच्या तोंडाशी त्यांना दिसलं. अक्षताकडं उत्तर होतं. मला माहीत आहे, कारण तिच्या ओठापर्यंत आलेलं मी बघितलं. पण तिनं पिशवीला नुसती गाठ मारली, घट्ट, आणि ती नणंदेच्या हातात दिली.

तेवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आठवण म्हणून एकेक तिकीट ठेवू. झालं. माझ्या खिडकीपुढं रांग लागली. रांग! भिवाला दिसत नव्हतं तरी आवाजावरून कळलं. तो आत बसून इकडं तिकडं चाचपायला लागला. त्याला जमेना म्हणून अक्षता आत गेली. तो सरकला, ती बसली. त्या दिवशी सगळी तिकिटं गेली, एक उरलं नाही. म्हणजे वरच्या कचेरीत कुणी बघितलं असेल, तर त्यांना दिसलं असेल, की मरायच्या दिवशी मी सगळ्यात धडधाकट होतो.

पण ते पुढं. रांगेत सगळ्यात पुढं काकासाहेब होते, कारण ते कुठंही पुढंच असतात. त्यांनी गजांतून हात आत घातला, तळवा वर, मोकळा. म्हणाले, "भिवा, एक आपल्याला दे. आठवण म्हणून."

भिवाचा हात सवयीनं गठ्ठ्याकडं गेला. अक्षतानं आपला हात त्याच्या आधी गठ्ठ्यावर ठेवला. काकासाहेबांचा तळवा तसाच उघडा राहिला. शेडखालून बेबीनंदाबाई आणि झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, ती "कुठलं देऊ" म्हणेल. ती जरा पुढं झुकली, आणि पहिल्यांदाच माझ्या खिडकीतून इतका मोठा, स्वच्छ आवाज बाहेर गेला, की पाटीपर्यंत ऐकू आला:

"हे टेसन बंद पडावं, असं इथं कुणी तोंडानं म्हटलं, आणि बाकीच्यांनी तिकीट न काढून म्हटलं. मी आतच बसलेली होते, मला दोन्ही ऐकू आलं. आता रांगेत या, काकासाहेब. आणि सुट्टे पैसे काढून ठेवा सगळ्यांनी. माझ्याकडं चिल्लर न्हाई, या खिडकीत ती कधी जमलीच न्हाई."